फिलिन्नाची शिंक

अपोलो देव फिलिन्नाच्या नाकातून शिंकला, अशी कुजबुज आमच्या अथेन्सच्या बाजारात अख्खा हिवाळा चालली. "एवढी नाकं सोडून देवाला कांदेवालीचंच सापडलं!" म्हणणारेही कांदे तिच्याकडूनच घ्यायचे.

फिलिन्ना विधवा, जिभेची तिखट. माझी ऑलिव्हची टोपली तिच्या शेजारी, त्यामुळे कान आपसूक तिकडे. तिचं दुसरं लग्न ठरवणार तिचा भाऊ थ्रासिल, आणि त्याच्या मनात होता कातडी कमावणारा सिमोन. घर खाऊनपिऊन सुखी, पण माणूस डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळायचा.

फिलिन्नाच्या मनात मात्र मेनेक्लीस. हा वेशीबाहेरच्या विद्यालयातला. तिथले विद्वान दिवसभर सृष्टीची उलटतपासणी घेतात. घाम खारट का? दुसऱ्याची जांभई पाहून आपल्याला का येते? पण एकच एक उत्तर द्यायचं म्हटलं की हे मागे सरतात. 'कारण हे असेल का? की ते असेल?' एवढं लिहून जेवायला मोकळे.

एकदा मेनेक्लीस कांदे निवडत म्हणाला, "फिलिन्नाबाई, सूर्याकडे पाहिलं की शिंक येते. उष्णतेनं नाकातला ओलावा हलतो म्हणून असेल का? की—"

"माझ्याशी लग्न करायचंय का रे तुला?"

"करायचंय."

"अगबाई! याला 'की' नाही?"

मेनेक्लीसचे कान लाल झाले. माझेही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी थ्रासिल आला. "सिमोनला आज शब्द देतोय."

"दादा, त्याच्या वासानं माझे कांदे लाजतात."

"मग काय त्या प्रश्न चघळणाऱ्या मेनेक्लीसला देऊ तुला?"

फिलिन्नानं मान वर केली होती. ती दणदणीत शिंकली.

थ्रासिल पांढराफटक. बोलता बोलता कुणी शिंकलं की देवानं त्या बोलण्याला हो म्हटलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. "देवाला तरी काही कळतं का!" असं पुटपुटत त्यानं महिन्याभरात बहिणीचं लग्न मेनेक्लीसशी लावून दिलं.

मेनेक्लीस अजून विद्यालयात छाती फुगवून सांगतो, की सूर्य आणि शिंकेचा संबंध त्याच्या बायकोच्या नाकानंच सिद्ध केलाय.

मी शेजारीच बसलो होतो. फिलिन्ना डोळ्यांत पाणी येईपर्यंत सूर्याकडे बघत होती. शिंक आलीच नाही. तिनं तोंडानं आवाज काढला.