दुहेरी अक्षरांचं नाणं

रामनगरच्या बसस्टँडजवळ माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन मडगावला. घड्याळं आता फारशी येत नाहीत. आलं कुणी तर सेल बदलायला. पण चुकीच्या छापाच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले, तेव्हापासून लोक माझ्याकडे नाणी आणू लागले. डोळ्याला लावायचं भिंग माझ्याकडे आहे ना!

पहिल्यांदा फसलो मीच. पाच रुपयांच्या एका नाण्यावर आकडा दुहेरी दिसला, म्हणून बेळगावला जुनी नाणी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने शांतपणे समजावलं. साचा तयार करतानाच त्यावर छाप दोनदा उमटला असेल, तर नाण्यावर दोन्ही अक्षरं गोल, भरीव उठतात आणि अक्षरांच्या टोकांना बारीक खाच दिसते. ती खरी चूक. पण नाणं ठोकताना साचा नुसता हलला, तर अक्षराची कड चेपून सपाट पायरीसारखी होते. "तुमचं हे पायरीचं. असली पोत्यानं मिळतात," तो म्हणाला. "ह्याचा चहा पिऊन जावा." परतताना बसमध्ये माझं मलाच हसू येत होतं. घरी येऊन ते सांगायला मात्र कुणी नव्हतं.

पुढे मी कितीतरी नाणी पाहिली. सगळी पायरीचीच. "न्हाई" म्हटलं की माणसं लगेच उठून जातात. नाणं भिंगाखाली असेपर्यंत तेवढी जवळ बसलेली असतात.

मागच्या हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकल्यावर, बाजारकुणंग गावाकडची एक म्हातारी बाई आली. पदराच्या गाठीतून तिने दोन रुपयांचं नाणं काढलं. मी नेहमीसारखं आधीच सांगून टाकलं, "अक्का, ह्याला पैसे येतील म्हणून आला असाल तर—"

"किंमत इचारायला न्हाई आले, अण्णा. ह्यावर अक्षरं दोन-दोन हाईत का, तेवढं बघा."

मग तिने सांगितलं. हे नाणं तिच्या नवऱ्याचं. अक्षरं दुहेरी आहेत म्हणून तो येईल त्याला दाखवायचा. गावात हसायचे. मुलगे म्हणायचे, म्हाताऱ्याचे डोळे गेले. श्रावणात तो वारला.

"मी बी तसंच म्हणले," ती म्हणाली. "डोळं तपासून घ्या म्हणले. त्या दिसापासनं त्येंनी मला नाणं दाखवलंच न्हाई."

मी भिंग लावलं. 'भारत'च्या तिन्ही अक्षरांना डाव्या बाजूने सपाट पायरी होती. बाजारात त्याची किंमत दोन रुपयेच.

"नाण्यात दम न्हाई अक्का. पण अक्षरं दोन दिसतात. अगदी साफ."

"खरं सांगा."

मी दिवा जवळ ओढला आणि भिंग तिच्या हातात दिलं. तिला ते आधी जमेना. नाणं वाकडं करून धरल्यावर जमलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. बाहेर गोव्याकडचे ट्रक जात होते.

"दिसतंय की वो," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे. "बराबर दिसत हुतं तुमास्नी."

तिने नाणं परत गाठीत बांधलं. मी पैसे घेतले नाहीत, तेव्हा पिशवीतून घरामागच्या परड्यातले दोन कंद काढून टेबलावर ठेवले. "घरात कोण असतंय?" तिने विचारलं. "कोण न्हाई," मी म्हटलं. बसला उशीर होईल म्हणून ती उठून गेली.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. शेवटच्या आजारपणात माझी बायको पलंगावरून सारखी म्हणायची, "भिंतीवरचं घड्याळ लंगडतंय." दिवसभर दुकानात टिकटिक ऐकून घरी माझे कान बंदच असायचे. मी म्हणायचो, "गोळ्यांनी तुझ्या कानात आवाज येतोय. घड्याळ माझ्या हातचं आहे." ती गेल्यावर मी त्याला चावीच दिली नव्हती.

घरी येऊन हातपाय न धुताच चावी दिली, लंबक हलवला आणि पलंगावर तिच्या जागी बसलो. टिक झाल्यावर टॉक किंचित उशिरा येत होता. लहान पोरालाही कळलं असतं. तिने महिनाभर ते ऐकलं आणि मी घड्याळजी असून एकदाही उठून बघितलं नव्हतं.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग दुरुस्त करून टाका ना बाबा, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

खरंच पाच मिनिटांचं आहे. अजून केलेलं नाही.