ओतियाच्या नालीचं पाणी

झुझुनाला आमच्या तिबिलिसीच्या इस्पितळात कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, ‘घाणवाली बाई’ म्हणतात. तिला ते चालतं. अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत ती फाज शोधते. फाज म्हणजे जंतूंना खाणारे, त्यांच्याहूनही बारीक विषाणू. ते सापडतात जिथे जंतू बुजबुजलेले असतात तिथेच. त्यामुळे गटार दिसलं की ही गाडी थांबवायला लावते. गाडी माझी. मी लियाना, मूत्ररोग विभागाच्या ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर, आणि माझ्या डिकीला कसला वास येतो ते माझ्या नवऱ्याला विचारा.

झुझुना कुताइसी शहरातल्या खाटकाची मुलगी. लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा तिनेच मोडलं. पहिला म्हणाला, प्रयोगशाळा सोड. दुसरा म्हणाला, निदान हात तरी धुऊन ये. आता साठीला आलीय, पण कुठलाही जंतू समोर आणा, “मिळेल याचा खाणारा,” असं ती इतक्या सहज म्हणते की मला कधीकधी तिचा रागच येतो.

एका वर्षी काखेती प्रांतातला ओतिया आला. द्राक्षमळेवाला, उंचापुरा, हट्टी. एक मूत्रपिंड तरुणपणीच काढलेलं. उरलेल्या एकात मोठा खडा, आणि खड्याच्या आत घर करून बसलेला प्रोटिअस नावाचा जंतू. एकही औषध त्याला लागू पडेना. आमचे सर्जन रेवाझ यांनी स्पष्ट सांगितलं, “खडा फोडला की जंतू रक्तात उतरतील आणि माणूस टेबलावरच जाईल. आधी जंतू मारा. ईस्टरपर्यंत जमलं नाही तर मूत्रपिंडच काढावं लागेल.”

“मग?” ओतियाने विचारलं.

“मग जन्मभर डायलिसिस.”

“मशीनला बांधून घेऊ, तर मळ्यात कोण जाईल? तुम्ही?” ओतियाने भिंतीकडे तोंड केलं.

झुझुनाच्या फ्रिजमधले सगळे फाज वापरून झाले. नदीचं पाणी झालं, इस्पितळाचं गटार झालं. ओतियाचा जंतू ढिम्म. “हा जंतू त्याच्याबरोबर गावाहून आलाय,” झुझुना म्हणाली. “वर्षानुवर्षं तिथल्या नालीत पडतोय. त्याचा खाणाराही तिथेच असणार. काढ गाडी.”

डॉक्टरीणबाई येताहेत, असा निरोप ओतियाच्या घरी आधीच गेला होता. मांडवाखाली टेबल मांडलेलं. चीज भरलेली गरम खाचापुरी, भाजलेलं डुकराचं मांस, घरची वाइन. ओतियाची बायको ईझा नुसती धावत होती. झुझुनाने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, “संडासाचं पाणी जातं कुठे?”

“अजिबात काळजी करू नका, बाई,” ईझा कौतुकाने म्हणाली. “तुम्ही येणार म्हणून कालच सगळं घासलं. खड्ड्यात, नालीत पोतीच्या पोती चुना ओतला. जेवताना वास यायला नको ना.”

मी कपाळावर हात मारला. चुन्याने जंतूही मेले आणि त्यांचे खाणारेही. झुझुना म्हणाली, “अगं बाई, मी त्या वासासाठीच तर एवढ्या लांब आले.”

ईझाचा चेहरा उतरला. नवऱ्याचा जीव आपण चुन्यात घातला, हे तिला कळलं.

“बरं, नाली पुढे कुठे जाते?” झुझुनाने विचारलं. “तिथवर चुना पोचला नसेल.”

“कुठेही नाही.”

“पाणी कुठेही नाही असं जात नसतं, ईझा.”

कुंपणापलीकडून कुणीतरी हसलं. शेजारचा झाउरी. “विचारा, बाई, विचारा. मी म्हातारा झालो हेच विचारून विचारून.”

प्रकरण असं होतं. ओतियाची नाली कुंपणाखालून झाउरीच्या अक्रोडांत जात होती. झाडं कुजली. ओतियाने कोर्टात सांगितलं, चर्चमध्ये पवित्र चित्रावर हात ठेवून सांगितलं, की ते झऱ्याचं पाणी आहे. तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांच्या मयतीलाही जात नव्हती.

झुझुनाने बाटली पुढे केली. “एवढी भरून द्या.”

“झऱ्याच्या पाण्यात तुमचं काय काम?” झाउरी म्हणाला. “झऱ्याचं नाही, असं त्याला म्हणू दे. मग टाकी भरून न्या.”

माझं डोकंच फिरलं. “अहो, माणूस तिकडे तापाने फणफणलाय आणि तुम्ही हिशेब चुकते करताय?”

“गप्प बस गं,” झुझुना म्हणाली आणि तिने फोन लावला. ओतियाला सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि फोन कुंपणावर धरला.  मला वाटलं, ओतिया आता फोन ठेवून देणार. मरेल, पण बोलायचा नाही.

“झाउरी.”

“बोल.”

“माझंच आहे ते पाणी. वडलांच्या वेळेपासून. मी देवासमोर खोटं बोललो.”

ईझाने एप्रन तोंडाला लावला. झाउरी हसेल असं वाटलं होतं, तो हसला नाही. त्याने झुझुनाच्या हातातून बाटली घेतली, विजार दुमडली आणि स्वतःच त्या काळ्या चिखलात उतरला. “तुमचे बूट खराब होतील,” म्हणाला.

परत आल्यावर काही दिवसांनी झुझुनाने मला प्रयोगशाळेत बोलावलं. काचेच्या ताटलीत ओतियाचा जंतू दुधावरच्या सायीसारखा पसरला होता, आणि सायीला जागोजागी स्वच्छ भोकं पडली होती. खाणारा सापडला होता. तो वाढवून, गाळून, ओतियाच्या पाठीतून मूत्रपिंडात घातलेल्या नळीतून थेट आत सोडला. ईस्टरच्या आधी लघवी स्वच्छ आली. रेवाझनी खडा फोडला, हत्यारं मीच देत होते. ताप चढला नाही. मूत्रपिंड जागेवर राहिलं आणि कामाला लागलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी आणि झुझुना ओतियाजवळ होतो, तेव्हा झाउरी वाइनचा कॅन घेऊन वॉर्डात आला आणि पलंगाजवळ बसला. ओतिया म्हणाला, “घरी गेलो की पाइप टाकतो. नाली वळवून घेतो.”

“घाई करू नकोस,” झाउरी म्हणाला. “आधी बाईंना विचार. पुन्हा खडा झाला तर ते पाणी लागेल ना? मग राहू दे नाली माझ्या अक्रोडांत.”

झुझुनाच्या फ्रिजमध्ये त्या फाजच्या बाटल्यांची रांग लागली होती. त्यामुळे ओतियाला ते पाणी आता कधीच लागणार नव्हतं. तो उशीत तोंड खुपसून रडत होता, आणि त्या बाटल्यांबद्दल आम्ही दोघींनी झाउरीला सांगितलं नाही.