बँकेतली अविवाहित आई

मी कॉलेजात जायला लागले तरी आमची आई बँकेत अविवाहित होती.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आमच्या खानदेशात लग्नात नवरीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. आई माहेरची कमल पाटील, सासरी आली आणि मंगला महाजन झाली. पण तिचा थोरला भाऊ, आमचा आबामामा, याच्या तोंडात 'मंगला' कधी बसलंच नाही. तो आमच्याही आधी सुरतेला आलेला, त्यामुळे शहरातली सगळी कामं त्यालाच कळतात असा घरात समज होता (त्याचाही तोच समज होता).

आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत सगळ्याच बायका लावायच्या. टिकल्या घरभर असायच्या. वरणात सापडायच्या, पप्पांच्या मिशीत चमकायच्या. या कामातून साठलेले पैसे फिक्स्ड डिपॉझिटमध्ये ठेवायला मामा आईला पर्वत पाटियाजवळच्या बँकेत घेऊन गेला, सवयीने माहेरचं नाव लिहून मोकळा झाला आणि म्हणाला, "कमल, कर सही." आईने 'कमल' अशी सही केली. भावासमोर 'मंगला' लिहायला तिलाच लाज वाटली असणार.

डिपॉझिटची मुदत भरली त्याच आठवड्यात कोसाडला एक रूम विकाऊ निघाली. एक खोली, स्वयंपाकाला कोपरा, बाहेर ओटा. आयुष्यभर भाड्याने राहिलेल्या आईने तो ओटा पाहिला आणि परत येताना बसमध्ये बोटांवर हिशोब करत बसली. रूमवाल्याने शनिवारपर्यंत विसार मागितला होता. रविवारी दुसरी पार्टी येणार होती.

शुक्रवारी आई मला घेऊन बँकेत निघाली. कारण मी इंग्रजी मीडियमची. रिक्षावाल्याला "थांबवा" म्हणायचाही धीर न झाल्यामुळे मी रोज घराच्या बऱ्याच पुढे उतरून मागे चालत यायचे, हे तिला माहीत नव्हतं.

"बोल ना वं," काउंटरपाशी तिने मला कोपराने ढोसलं. "एवढी फी भरी ना आम्ही."

मी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. आईला दोन नावं आहेत, एवढंच साध्या इंग्रजीत सांगायचं. डिपॉझिटची पावती ठेवली. तयारी पूर्ण दिसावी म्हणून शेजारी रेशन कार्डही ठेवलं. चष्मेवाल्या साहेबांनी वर पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, माय मदर इज टू लेडीज."

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. गुजरातीत म्हणाले, "तो बीजी क्यां छे?" म्हणजे दुसरी कुठे आहे.

मी आईकडे बोट दाखवलं.

"अने पहेली?"

मी पुन्हा आईकडेच बोट दाखवलं.

साहेबांनी एका हातात पावती, दुसऱ्या हातात रेशन कार्ड धरलं. "एफडी कमलबेननी, कार्ड मंगलाबेननुं. बेन, तमे कोण?"

"मी दोन्ही," आई म्हणाली.

"काले प्रूफ लईने आवो." म्हणजे उद्या पुरावा घेऊन या.

संध्याकाळी घरात बैठक बसली. मामा म्हणाला, "मी येतो ना उद्या. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर साहेबाची काय टाप आहे?"

पप्पांना वेगळीच काळजी. ते डाइंग मिलमध्ये कामाला, टॅक्स हा शब्द त्यांनी फक्त शेठच्या तोंडी ऐकलेला. "आबा, दोन नावं म्हटल्यावर व्याजावर टॅक्स पण दोनदा लागेल का?"

"लागेल," मामा ठामपणे म्हणाला. "सरकार कुणाला सोडत नाही."

आई उठली आणि फळीवरची पितळी परात काढून पुसायला लागली.

शनिवारी बँक बाराला बंद व्हायची. आम्ही साडेअकराला मिरवणुकीसारखे आत शिरलो. पुढे जुन्या साडीत गुंडाळलेली परात घेऊन आई, मागे 'असू द्या बरोबर' म्हणून हंडा घेतलेला मामा, कोपरापर्यंत निळे झालेले पप्पा, आणि सगळ्यात मागे, या लोकांना मी ओळखत नाही असा चेहरा करून, मी.

आईने परात काउंटरवर ठेवली. काठावर कोरलं होतं : 'चि. सुरेश व चि. सौ. कां. कमल यांस लग्नानिमित्त आबाकडून.'

"हे बघा, कमल. आणि हे सुरेश," तिने पप्पांना पुढे ओढलं. "कार्डावर सुरेशची बायको मंगला आहे ना? मग झालं."

मला हा पुरावा बिनतोड वाटला. रांगेतली माणसं जवळ आली. एका बाईने परात वाजवून पाहिली आणि विकायची आहे का विचारलं.

साहेबांनी मजकूर दोनदा वाचून घेतला. मग शांतपणे, मराठीत म्हणाले, "यावरून एवढंच कळतं की सुरेशभाईंना दोन बायका आहेत."

पप्पा घरातही फारसे बोलत नसत. पण तेव्हा बोलले. "साहेब, एक रूम मिळत नाहीये. दोन बायका कुठे ठेवू?"

रांग हसली. साहेबही हसले. ते पाहून मामाने संधी साधली. "साहेब, तो दोनदा टॅक्स..."

"भाई, एटला व्याज पर तो एक वार पण नथी लागतो." एवढ्याशा व्याजावर एकदाही लागत नाही! मामाने हंडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

बारा वाजत आले होते. शिपायाने अर्धं शटर ओढलं. आईने परात पदराने पुसून पुन्हा गुंडाळायला घेतली, आणि तिच्या बोटांना चिकटलेल्या टिकल्या मला दिसल्या. साहेबांनाही त्या दिसल्या असाव्यात. त्यांनी पावती उलटी केली. "बेन, सही करो."

आईने सही केली. कमल. साहेबांनी जुनी सही काढून ताडून पाहिली, शिक्का मारला आणि पावती कॅशियरकडे सरकवली.

"झालं?" मामाने विचारलं. "मग काल का नाही दिलेत?"

"एफडी कमलबेननी," साहेब म्हणाले. "पावती कमलबेन पासे. सही कमलबेननी. मने शुं वांधो? पण आ मंगलाबेननी वात मने कोणे करी?"

त्यांची काहीच हरकत नव्हती, पण मंगलाबेनबद्दल त्यांना कुणी सांगितलं? आई, पप्पा, मामा आणि परात विकत घेऊ पाहणारी बाई, सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

विसार त्याच दुपारी पोहोचला. रूम आमची झाली आणि आईने पुढची कित्येक वर्षं त्या ओट्यावर बसून टिकल्या लावल्या. सरकारी कचेरी असो की बँक, आई मला अजूनही अभिमानाने बरोबर नेते. फक्त काउंटर यायच्या आधी पर्समधून एक श्रीखंडाची गोळी काढून माझ्या तोंडात घालते आणि म्हणते, "हळूहळू चघळ, घाई नाही."