तीन ठोके

आम्ही तिला साठवणबाई म्हणायचो. घरी रिकाम्या बरण्या, सुतळीचे तुकडे, मोडक्या छत्र्यांच्या काड्या. आणि ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांची हृदयं. पेशंटच्या अन्ननलिकेत सोडलेली नळी हृदयाची हलती चित्रं पडद्यावर दाखवते. त्यातलं नेमकं चित्र बटण दाबून साठवणं हे तिचं काम, एकवीस वर्षं. मी तिथलीच नर्स.

जुन्या मशीनचं बटण दाबलं की होऊन गेलेले तीन ठोके साठायचे. म्हणजे आधी बघायचं, मग दाबायचं. नवं आलं ते दाबल्यानंतरचे तीन साठवणारं. शिकवायला आलेल्या माणसापुढे हिने मान डोलावली. डोकं शिकलं, अंगठा नाही.

चौथ्या दिवशी एका शिंप्याच्या हृदयाची झडप दुरुस्त झाली. शिवण तपासायला रक्तदाब चढवला तशी साठवणबाई ओरडली, "गळतंय!" आणि बटण दाबलं. मी पडद्याकडे वळेपर्यंत दाब उतरला होता.

"दाखवा," सर्जन म्हणाले.

तीन ठोके. झडप घट्ट मिटलेली. पुन्हा लावलं, तेच.

"कुठंय गळती, बाई? चष्मा बदला."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? 'पुन्हा दाब चढवून बघा' एवढं एक वाक्य तिने गिळलं, त्याचा मला अजून राग येतो.

"माझाच डोळा चुकला असेल," ती म्हणाली. छाती शिवली.

तिसऱ्या दिवशी शिंपी गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोड एकीची आणि मेला भलताच.

चौकशीत तेच चित्र लावलं. कोपऱ्यातली वेळ बघून तिचा चेहरा पडला. "हे नंतरचे ठोके आहेत," ती उठून म्हणाली.

"बसा बाई. चित्र स्वच्छ आहे, सुटलात ना?" चौकशीचे साहेब म्हणाले.

आठवड्याने शिंप्याची मुलगी आली. बाबांचं हृदय एकदा बघायचं म्हणाली. साठवणबाईने ते तीन ठोके लावले. मुलगी पडद्याला हात लावून बघत राहिली.

"किती छान चाललंय," ती म्हणाली. "एवढंच आहे?"

मी मागून साठवणबाईचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"याच्या आधीचे मी डोळ्यांनी पाहिले होते, बाळ. गळत होतं. ते साठले नाहीत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले होते," ती म्हणाली. "मग गप्प बसले."