मन्नूबियाचा पाच

ट्युनिशियातल्या कैरुआनमध्ये गालिचे विणता विणता मन्नूबियाची कंबर कामातून गेली. कळा सोसून डोकं असं बधिर झालं, की किल्ली स्वतःच कुठंतरी ठेवायची आणि आळ सुनेवर घ्यायची. डॉक्टरवर तर फारच संशय.

"खाला, शून्य ते दहात दुखणं किती?" तो दर वेळी विचारायचा.

माझं दुखणं मोजून याला काय मिळतं? मेल्याची नजर लागायची! नजर परतवायला तिकडं सगळे म्हणतात तेच ती पंजा उगारून म्हणायची, "पाच!" कळवळत आली तरी पाचच.

आज डॉक्टर खूश झाला. "वा, खाला! दुखणं वर्षभर पाचावरच. औषध वाढवायला नको."

कौतुक ऐकून ती चरकली. उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका हातानं टेबल धरून दुसरा पंजा तिनं त्याच्या तोंडासमोर नेला.

"पाच!"