सोयीचं नसलेलं

दादरच्या वाचनालयात ती रोज माझ्यासमोर बसते. इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर तिचा प्रबंध चालू आहे. "म्हणजे तो भोवऱ्यासारखा फिरतो ना?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली. कुणी चुकीचं बोललं की ठेवतेच. "नाही हो काका, फिरत नाही. सोयीचं पडतं म्हणून सगळे तसं सांगतात."

परवा तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. ती जिन्यात गेली, तरी बोलणं आत ऐकू येत होतं. तिचा एक आलेख सिद्धांताशी जुळत नव्हता आणि सरांना तो प्रबंधात नको होता. "सर, पुन्हा पुन्हा मोजलंय. तो राहणार. पदवी लटकली तर लटकू दे." परत येऊन तिने तो आलेख परिशिष्टातून काढला आणि पहिल्या प्रकरणात घातला.

तेवढ्यात वाचनालयाचे शिपाई माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबले. माझी बायको वारली, त्याआधी ती तिथे बसायची.

"सुटल्या बिचाऱ्या काकू दुखण्यातून."

सगळेच असं म्हणतात आणि मी मान डोलावतो.

"सुटली नाही," मी म्हणालो. "तिला जगायचं होतं."

समोरची पेन्सिल चालतच राहिली.