गोजरमावशीच्या झोळ्या

गिरणीचा पहिला भोंगा झाला की सोलापूर डोळे चोळत उठायचं आणि गोजरबाईच्या खोलीपुढं बायकांची झुंबड उडायची. प्रत्येकीच्या काखेत एक गाठोडं आणि गाठोड्यात एक इवलंसं तोंड. "मावशी, धर गं!" "मावशी, ह्येला सर्दी हाय!" "मावशी, हिनं रातभर डोळ्याला डोळा लागू दिला न्हाय बघ!" मावशी एकेकाला घेऊन आढ्याला टांगलेल्या झोळीत टाकायची. दुसऱ्या भोंग्याला बायका पदर खोचून पळत सुटायच्या, की खोलीत सामसूम.

ह्या सामसुमीवरच मावशीचं नाव चालायचं. "गोजरमावशीकडं पोर रडत न्हाय," असं चाळभर म्हणायचे.

का रडत नाही, ते मात्र कुणी म्हणायचं नाही. मावशीच्या कनवटीला बाळगोळ्यांची डबी असायची. त्या अफूच्या गोळीवर पोरं दुपारपर्यंत निवांत पडायची. आयांना ते ठाऊक होतं, त्यांना ठाऊक आहे हे मावशीलाही ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द कुणी काढायचा नाही, अशी रीतच पडलेली. मावशी स्वतः केम गावाहून नवऱ्यामागं आली, गिरणीत सूत गुंडाळायला बसली, तेव्हा तिचा पोरगा कुंडलिकही ह्याच गोळीवर निजायचा. पुढं कापसाची भुकटी छातीत बसली, नवरा गेला, काम सुटलं आणि तिनं दुसऱ्यांच्या पोरांसाठी झोळ्या बांधल्या.

त्यात मल्लव्वा आली. अक्कलकोटाकडची, कानडी बोलणारी, नवरा वारलेला. कडेवर ईरम्मा. तिला सगळे ईरी म्हणत. ईरीला दात येत होते, मावशीच्या गोळीनंही ती फार वेळ निजायची नाही. तिनं गळा काढला की गिरणीच्या भोंग्यानं लाजावं!

"मल्लव्वा," मावशी एका संध्याकाळी कडाडली, "पोरीच्या गळ्यात भोंगा बसवून आणलाईस का काय? उद्या अशीच रडली तर घरी घिऊन जा. सांगून ठिवते."

मल्लव्वानं ईरीचं तोंड पदराखाली घेतलं. घरी कोण होतं? मंदीचे दिवस. एक खाडा झाला की जागेवर दुसरी बाई बसलीच म्हणून समजा. शेजारीण कानाशी लागली, "गोळी दिऊन सोड की. गप पडती." मावशीसुद्धा गोळी देते, हे त्या नव्या बाईला कुणी सांगितलं नाही. रीत नव्हती ना!

सकाळी ईरी आली ती पेंगुळलेलीच. झोळीत टाकताना जराशी कुरकुरली. 'झालं, आता लागली बघ वाजायला,' म्हणत मावशीनं सवयीनं डबी उघडली.

दुपारी पेज पाजायला मावशी उठली तेव्हा बाकीची पोरं चुळबुळत होती. ईरी हलत नव्हती. मावशीनं गाल ओढला. तळवा चिमटला. मान सुताच्या लडीसारखी लोंबली. ओठ जांभळासारखे झाले होते.

"तिप्पण्णा! आरं तिप्पण्णा!"

शेजारचा तिप्पण्णा विणकर. गिरणीच्या स्वस्त लुगड्यांनी त्याचा हातमाग बंद पाडून बसवला होता, तेव्हापासून तोही उंबऱ्यावर बसूनच असायचा.

"ह्या पोरांकडं बघ. म्या गिरणीवर चालले."

"मला काय की मावशी, पोरांतलं कळतंय का?"

"कळत न्हाय तर शिक!"

ईरीला खांद्यावर टाकून, उन्हातून धापा टाकत मावशी गेटावर पोचली. पहारेकरी आडवा आला. "अबी नै, अम्मा. भोंगा होने दे."

"आरं, पोर चाललंय रं माजं!"

"भोंगा होने दे, बोला ना!" एवढं म्हणून त्यानं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. "या अल्ला!" आणि तोच आत पळाला.

मल्लव्वा आली ती केसांत कापूस घेऊन. टांग्यात दोघी एकमेकींकडं बघेनात. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ईरीची पापणी वर करून पाहिली.

"काय दिलंत हिला? आणि केव्हा? लवकर सांगा. मी काही ज्योतिषी नाही हो!"

"काय न्हाय जी," मल्लव्वा म्हणाली. "दात यायलेत तिला."

मावशीनं कनवटीची डबी मुठीत दाबली. बोललं तर झोळ्या सुटल्या. कोण पोर ठेवील मग? खोली कशी ऱ्हाईल? ईरीनं एक श्वास घेतला. दुसरा लवकर येईना.

"म्या दिली," मावशी म्हणाली. "बाळगोळी. सकाळीच. पर येवढ्यानं कंदी असं झालं न्हाय, सायेब!"

मल्लव्वानं कपाळ बडवून घेतलं. "अय्यो शिवने! मीबी दिले की, यव्वा! मीबी दिले!"

"दोघींनीही?" डॉक्टर एवढंच बोलले, आणि मग त्यांचे हात भराभर चालू लागले. पोट धुतलं, सुई टोचली. "आता हिला झोपू द्यायचं नाही. चिमटे काढा, हाका मारा. श्वास थांबला की मला ओरडून सांगा."

जन्मभर पोरं निजवलेली मावशी त्या पोरीचे तळवे चोळत आरडत होती, "ईरे, रड! रड की गं भवाने! काल चाळ डोक्यावर घेतलीस, आज काय झालं? रड!" मल्लव्वा कानडीत शिव्याही देत होती आणि देवालाही बोलावत होती. ईरी मध्येच श्वास विसरायची, की दोघी एकदम किंचाळायच्या.

दिवे लागायच्या सुमाराला तिच्या घशातून मांजरीच्या पिलासारखी एक कुई निघाली. मावशी भिंतीला टेकून खाली बसली.

सकाळी भोंगा व्हायचा तसा झाला. दारात गाठोडी आली, त्यात रातभर दवाखान्यात राहून पहाटे घरी सोडलेली ईरीही. मावशी उंबऱ्यात पदर पसरून उभी.

"गोळ्या हितं टाका. म्या माजी डबी नालीत टाकलीया. काल दोघींनी न बोलता दिली, पोर मरता मरता वाचलं. हितनं फुडं ज्या पोराला ज्ये द्याल, त्ये तोंडानं सांगून द्यायचं."

"आन रडली मंजे? कोण ऐकणार?" एकजण फणकारली.

"चाळ ऐकंल."

दुसरा भोंगा जवळ आला होता. भांडायला वेळ नव्हता. एकीनं कनवटीची गाठ सोडली, मग दुसरीनं. एकजण मात्र पोर घेऊन तशीच परत फिरली. मावशीला ते दिसलं, पण तिनं पुढचं पोर हातात घेतलं.

मग जो कल्लोळ उठला! मावशीचे दोन हात, आणि रडणारी तोंडं ही एवढी. तिप्पण्णा कान झाकून आला, बघत राहिला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, झोळ्यांच्या दोऱ्या पायांच्या अंगठ्यांना बांधून खाली बसला. मागाच्या खड्ड्यात बसून पायांनी पावड्या दाबायची जन्माची सवय. उजवा, डावा, उजवा, डावा. झोळ्या हलायला लागल्या.

"लुगडं विणतोस का काय रं?" मावशी म्हणाली.

"दोरी तेवढी ताणून बांध की. सैल हाय."

दुपारपर्यंत मावशीच्या कानाला ओळख पटली. हा घोगरा, हा सर्दीचा, ही हेल काढणारी. जोवर आवाज आहे तोवर जीव आहे. एकाएकी त्यातला एक आवाज कमी झाला. ईरीचा.

तिप्पण्णाचे पाय थांबले. मावशीच्या हातातली वाटी सांडली. तिनं झोळी उघडली, बोट ईरीच्या नाकाशी नेलं.

ईरीनं ते बोट ओढून तोंडात घातलं आणि नुकत्या फुटलेल्या दातानं कडकडून चावलं.

"आई गं!" मावशी ओरडली. "चावली रं तिप्पण्णा, चावली!" आणि बोट काही तिनं काढून घेतलं नाही.